थांबलेल्या गावांचा रस्ता

फ्लोरेन्सहून मोटारीने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी बहुधा आधी सान जिमिन्यानो पाहतो आणि मग सिएनाकडे वळतो. टेकड्यांवरच्या या दोन्ही स्थळांविषयी ‘येथे मध्ययुग जपले आहे’ असे हमखास लिहिले जाते. पण जपणे म्हटले की जपणाऱ्याची इच्छा गृहीत धरावी लागते. इथला इतिहास निराळे सांगतो.

सान जिमिन्यानो हे रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या व्हिया फ्रान्चिजेना या मार्गावरचे गाव. यात्रेकरूंची वर्दळ आणि केशराचा व्यापार यांनी ते संपन्न झाले आणि धनिक घराण्यांनी चढाओढीने बुरूज उभारले. परंपरा त्यांची संख्या ७२ सांगते. आज १४ उरले आहेत. १३०० साली दान्ते फ्लोरेन्सचा वकील म्हणून येथे आला होता. १३४८ च्या प्लेगने गाव खचले आणि १३५३ मध्ये ते फ्लोरेन्सच्या अंमलाखाली गेले.

सिएनामध्ये १२८७ ते १३५५ या काळात ‘नऊ जणां’चे सरकार होते. त्यांच्या दालनात आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि दुःशासन यांची भित्तिचित्रे रंगवली. सुशासित नगरात दुकाने उघडी आहेत, नर्तन चालले आहे, गवंडी घर बांधत आहेत. वेशीतून निघालेला रस्ता शेतांकडे उतरतो आणि त्यावरून लोक निर्धास्तपणे ये-जा करतात. मात्र वर तरंगणाऱ्या सुरक्षेच्या देवतेच्या हातात फाशीचा खांब आहे. या निर्धास्तपणाची किंमत चित्रकाराने लपवलेली नाही.

१३३९ मध्येच सिएनाने आपले कॅथीड्रल प्रचंड वाढवायला घेतले. असलेली वास्तू नव्या वास्तूची केवळ आडवी बाजू ठरणार होती. १३४८ मध्ये प्लेग आला. आन्योलो दि तुरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरली. लोरेन्झेत्तीही बहुधा याच साथीत गेला. काम थांबले, पुढे बांधकामातले दोषही उघड झाले आणि योजना सोडून देण्यात आली. नव्या दर्शनी भागाची उंच भिंत अजून उभी आहे. दीर्घ वेढ्यानंतर १५५५ मध्ये सिएनाचे प्रजासत्ताकही संपले.

जिंकलेल्या फ्लोरेन्सने मात्र इटलीची राजधानी होताना, १८६५ पासून, आपला जुना तट बव्हंशी पाडला. विजेत्याला बदलावे लागले. हरलेल्यांना बदलण्याचे बळच उरले नव्हते. युनेस्कोने १९९० मध्ये सान जिमिन्यानोला आणि १९९५ मध्ये सिएनाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या थांबलेपणालाही मिळालेला आहे.

म्हणून या गावांच्या सौंदर्याला ‘कालातीत’ म्हणताना जपून राहायला हवे. त्या शब्दाने तिथला मृत्यू आणि पराभव पुसला जातो. स्वतः सिएनाकरांची आदर्श नगराची कल्पना वेगळी होती. लोरेन्झेत्तीच्या भिंतीवर ते नगर पूर्ण झालेले नाही. तिथले गवंडी अजून बांधतच आहेत.