दुडदुडत्या मुलांची मुंबई

गेल्या नाताळच्या सुटींत कोल्हापुराहून आमचे एक वृद्ध स्नेही सहकुटुंब आमच्या अंधेरीच्या घरीं उतरले होते. बरोबर त्यांचा नातू. वय वर्षें दोन व वर तीन महिने. मुंबई दाखवावयाची म्हणून आजोबांनीं घरूनच एक यादी करून आणिली होती. राणीचा बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी, बोरिवलीचें वन अशीं स्थळें तींत अनुक्रमानें लिहिलेलीं होतीं. चार दिवसांत यादी संपली. पांचव्या दिवशीं आम्हीं नातवास विचारिलें, "बाळ, मुंबईंत काय काय पाहिलेंस?" त्यानें क्षणभर विचार केला आणि "जिना" असें उत्तर दिलें. अंधेरी स्थानकावरचा आपोआप वर सरकणारा जिना त्याच्या मनांत भरला होता! आजोबांचा चेहरा अंमळ उतरला. आजीबाई मात्र हंसूं आवरीत म्हणाल्या, "अहो, ती यादी तुमच्यासाठीं होती."

हें वाक्य आमच्या मनांत पुष्कळ दिवस घोळत राहिलें. मुंबईचे इतिहास थोडे नाहींत. गव्हर्नर, गिरण्या, गोद्या व दंगे यांचा वृत्तांत त्यांत सांपडतो. परंतु ज्याची मान आईच्या गुडघ्याच्या वर फारशी जात नाहीं अशा पाहुण्यास या शहरानें कोठें व कसें स्थान दिलें, याची हकीकत एकत्र अशी आमच्या वाचनांत नाहीं. ती थोडीबहुत येथें जुळवावी असा विचार आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, लहान मूल घेऊन मौजेसाठीं मुंबईस यावें ही कल्पनाच फार जुनी नाहीं. शंभर सवाशें वर्षांपूर्वीं शहाणीं माणसें याच्या उलट करीत. १८९६ सालीं मांडवीच्या वस्तींत ग्रंथिज्वर प्रकट झाला तेव्हां ज्यास शक्य होतें तो बायकामुलांना घेऊन शहराबाहेर पडला. सांथ ओसरल्यावरहि मुंबईची हवा लहानग्यांस मानवेना. १९२१ सालीं नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकें वर्ष पुरें होण्याच्या आंत दगावल्याची नोंद आहे. हा आंकडा थोडा फुगलेला होता, हें खरें; कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठीं कोंकणांत किंवा घाटावर माहेरीं जात. जन्म तिकडे नोंदला जाई, आणि मूल घेऊन त्या चाळींतल्या एका खोलींत परत आल्या कीं मृत्यु मात्र मुंबईच्या वहींत चढे. पण वजावाट कितीहि केली तरी जें उरतें तें वाचून आजहि अंगावर कांटा उभा राहतो. अशा शहरांत मुलास "पाहावयास" कोण आणणार?

उलट शहरचीं मुलें बाहेर नेलीं जात, आणि तीं नेली जात तें ठिकाण म्हणजे आमची साष्टी. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती घाटकोपर-भांडुपच्या शेतांमधून. पुढील दशकांत दुसरा लोहमार्ग अंधेरी-बोरिवलीवरून उत्तरेस गेला आणि १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली हीं तेव्हां हवापालटासाठीं जावयाचीं गांवें होतीं. खोकला झालेलें मूल आठवडाभर येथें ठेवावें, विहिरीचें पाणी पाजावें, ताड-माडांखालीं खेळूं द्यावें, असा रिवाज होता. आज दैवाची गति पाहा! आम्ही अंधेरीकर नातवंडांस थोडी सांवली व चार झाडें दाखवावीं म्हणून भायखळ्यास घेऊन जातों. अंधेरी १९५० त आणि बोरिवली-मुलुंड १९५७ त मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. तरी दक्षिणेची गाडी धरतांना "जरा मुंबईस जाऊन येतों" असें म्हणण्याची आमची खोड काहीं गेलेली नाहीं.

भायखळ्याचा हा राणीचा बाग म्हणजे आमच्या विषयाचें मूळपीठच होय. १८६२ च्या नोव्हेंबरांत लेडी फ्रीअर यांच्या हस्तें तो उघडला. पण तो मुलांसाठीं खास नव्हता. शेतकी व बागाइती सुधारूं पाहणाऱ्या एका मंडळाची ती वनस्पतिवाटिका होती. दूरदेशींचीं झाडें आणून लावावीं, तीं येथें रुजतात कीं नाहीं तें पाहावें, हा उद्देश. शेजारचें वस्तुसंग्रहालय डॉ. बर्डवुड, नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी अशा धुरीणांच्या खटपटीनें उभें राहून १८७२ त खुलें झालें, आणि पुढें शंभर वर्षांनीं त्यास भाऊ दाजींचें नांव मिळालें. १८७३ त बाग म्युनिसिपालिटीकडे आली. प्राणिसंग्रह तिला जोडला गेला तो १८९० त. म्हणजे अठ्ठावीस वर्षें आधीं झाडें, मग वाघ-सिंह. आतां तिचें अधिकृत नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. लोक मात्र अद्याप जुनेंच नांव घेतात.

हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. विद्वानांनीं विद्येसाठीं लावलेली बाग सामान्य बायाबापड्यांनीं आणि त्यांच्या मुलांनीं हळूहळू, कोणास न विचारतां, आपली करून टाकली. सुटीच्या दिवशीं डबा घेऊन यावें, सतरंजी पसरावी आणि दशम्या सोडाव्या. लॅटिन नांवांच्या पाट्या तशाच उभ्या राहिल्या! संग्रहालयाबाहेर घारापुरीचा पाषाणाचा हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास "एलिफंटा" म्हटलें तोच हा. १८६४ त त्यास विलायतेस न्यावयाचा घाट घालण्यांत आला. उचलतांना यारी मोडली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, आणि ते पुढें १९१४ त बागेंत पुनः सांधण्यांत आले. इतिहासाचा अभ्यासक येथें क्षणभर थबकतो. आमचा दोन वर्षांचा पाहुणा मात्र हत्तीकडे पाठ करून खालीं पडलेलीं सुकीं पानें गोळा करूं लागला. एक एक पान उचलून त्यानें आजीच्या ओंजळींत ठेवलें व पुनः मोजणीस गेला. असा अर्धा तास गेला.

२०१६ च्या जुलैंत दक्षिण कोरियांतून आठ हंबोल्ट पेंग्विन येथें आणण्यांत आले व पुढील मार्चमध्यें ते लोकांस दाखविण्यांत येऊं लागले. त्यांच्यासाठीं थंडगार कांचघर बांधलें असून त्यापुढें रांगा लागतात. दक्षिण अमेरिकेचा पक्षी भायखळ्याच्या उकाड्यांत बाळगावा कीं नाहीं यावर पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. त्यापूर्वीं, २००७ च्या सुमारास, शेंकडों कोटींच्या खर्चानें सबंध बागेचा कायापालट करण्याची योजना निघाली होती, तेव्हां तिच्याविरुद्ध मुख्यतः काहीं जागरूक स्त्रियांनीं वर्षानुवर्षें झगडा दिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ही प्रथम वनस्पतींची बाग आहे. येथें तीन हजारांवर वृक्ष आहेत. गोरखचिंच, कैलासपति, वर्षावृक्ष यांच्यासारखीं शतायुषी झाडें दुसरीकडे उचलून नेतां येत नाहींत. आम्ही त्या पक्षाचे आहों हें लपविण्याचें कारण नाहीं. कांचघरापुढें आमचा पाहुणा दोन मिनिटें रमला. झाडाखालीं अर्धा तास रमला, तें वर सांगितलेंच आहे.

वाहनांची गोष्ट वेगळी. मुलांस पोंचण्याची घाई नसते. जाणें हीच त्यांची मौज. १८७४ त घोड्यांची ट्रॅम निघाली, १९०७ त विजेची, आणि १९६४ च्या ३१ मार्चला शेवटची ट्रॅम बंद झाली. १९३७ पासून दुमजली बस होती. तिचा जुना तांबडा अवतार २०२३ च्या सप्टेंबरांत निवृत्त झाला, व विजेवर चालणारा नवा त्याच वर्षीं रस्त्यावर आला. वरच्या मजल्यावरील पुढची जागा मिळाली तर लहान मुलास दुसरी कोणती मुंबई दाखविण्याची गरज नाहीं, असें आमचें अनुभवाचें मत आहे.

मूल हें लहान आकाराचें मोठें माणूस नव्हे, हा विचार आपल्याकडे रुजला तो गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ पासून बालशिक्षणाचें संघटित कार्य करणाऱ्या ताराबाई मोडक यांनीं पुढें दादरच्या शिशुविहारांतून तो मराठी मध्यम वर्गाच्या घरोघर पोंचविला. मादाम माँटेसोरी १९३९ त हिंदुस्थानांत आल्या व युद्धामुळें येथेंच राहिल्या. दोन वर्षांचें मूल लांबवर चालूं शकतें, मात्र त्याच्या गतीनें, आणि मोठ्यानें त्याच्यामागून जावें, हा त्यांचा आग्रह. आपण नेमकें उलट करतों: हात धरून ओढीत नेतों आणि "थकलें" म्हणून कडेवर घेतों.

या विचाराची छाया स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईवर पडलेली दिसते. १९५१ त मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. गेल्या कांहीं वर्षांत त्याचें दार बंद झाल्यानें तिकडे निघण्यापूर्वीं चौकशी करावी. १९५२ त मलबार टेंकडीवर कमला नेहरू उद्यान झालें आणि त्यांत एक प्रचंड बूट उभा राहिला. त्याचें मूळ एका इंग्रजी बालगीतांत आहे. पण तें गीत न ऐकलेल्या मराठी मुलांनीं त्यास "म्हातारीचा बूट" करून टाकलें, आणि ही म्हातारी आतां आपल्याच भोपळ्यांतल्या म्हातारीची बहीण वाटते. आमच्या मतें मुंबईनें केवळ मुलांसाठीं म्हणून बांधलेली ही पहिली मोठी लाडकी वस्तु. तरी ती पांच वर्षांच्या मापाची आहे. दोन वर्षांच्या मुलास तेथें उचलूनच न्यावें लागतें. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षीं वरळीस उघडलेल्या विज्ञान-उद्यानाचें मापहि तसेंच.

परंतु मुलांचें खरें हित ज्या जागीं साधलें ती आमच्या उपनगरांत आहे व तिला कोणी मुलांची जागा म्हणत नाहीं. ती म्हणजे गोरेगांवची आरे दुग्धवसाहत. पूर्वीं म्हशींचे गोठे भर शहरांत, चाळींच्या शेजारीं असत. दूध महाग, आणि त्यांत पाणी किती याचा नेम नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें गर्भवती स्त्रियांस व बालकांस स्वस्त दराचें दूध देण्याची व्यवस्था केली, आणि तेथूनच गोठे शहराबाहेर काढण्याच्या कल्पनेस बळ आलें. दारा खुरोडी या कर्तबगार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं तीन हजारांवर एकरांत ही वसाहत वसली व मार्च १९५१ त पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्‌घाटन झालें. सीलबंद बाटलींतलें दूध पहांटे केंद्रावरून आणणें हें पुढें कित्येक घरांत मोठ्या मुलाचें पहिलें जबाबदारीचें काम होऊन बसलें. रविवारीं लोक म्हशी पाहावयास, थंड दूध प्यावयास आणि "छोटा काश्मीर" नामक बागेंत नावेंतून फिरावयास येत. म्हैस प्रत्यक्ष पाहिलेली नाहीं अशीं मुंबईंत मुलें होतीं व आहेत. त्यांस आरे हें पेंग्विनघराहून मोठें आश्चर्य.

याच आरेंत २०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या आगारासाठीं दोन हजारांहून अधिक झाडें एकदोन रात्रींत तोडण्यांत आलीं. आम्हांस त्याचें दुःख आहे. मात्र ही गोष्ट एकेरी नाहीं. त्या मार्गाची गाडी आरेपासून प्रथम २०२४ त आणि कफ परेडपर्यंत २०२५ त धांवूं लागली. वर्सोवा ते घाटकोपर हा पहिला मार्ग तर २०१४ पासूनच चालू आहे. कडेवर मूल, खांद्यावर पिशवी, आणि समोर लोकलचा लोंढा, अशा अवस्थेंत ज्या आईनें दादरचा पूल चढलेला आहे तिला उद्वाहकाचें मोल विचारावें. ती झाडांच्या बाजूची असूनहि गाडीला दुवा देईल.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाविषयीं दोन शब्द. शंभरांहून अधिक चौरस किलोमीटरांचें हें वन महानगराच्या पोटांत आहे, आणि त्यांत बिबटेहि आहेत. "वनराणी" नांवाची छोटी गाडी तेथें मुलांचें मुख्य आकर्षण होती. मे २०२१ च्या तौक्ते वादळानें तिच्या रुळांचें नुकसान झालें व ती दीर्घकाळ बंद राहिली. आंत कान्हेरीचीं शंभरावर लेणीं आहेत. त्यांच्यापुढें दगडांत खोदलेले ओटे, पन्हळी, पाण्याच्या पोढी आणि असंख्य पायऱ्या. भिक्षूंनीं हजारों वर्षांपूर्वीं हें सर्व जणूं दुडदुडत्या मुलांसाठींच कोरलें असावें! पोढींच्या कांठीं हात सोडूं नये, आणि खाऊ उघडा ठेवूं नये. तेथील माकडें फार हुशार आहेत. आमच्या पाहुण्यानें एकाच पन्हळींत सतरा वेळां काडी सोडली. आजोबा लेण्यांतला शिलालेख पाहावयास गेले होते, ते परत आले तेव्हां अठरावी वेळ चालू होती.

परतीच्या दिवशीं आम्ही मंडळींस पोंचवावयास अंधेरी स्थानकावर गेलों. गाडीस अवकाश होता. आजोबांनीं यादी खिशांतून काढली, तिच्या तळाशीं पेन्सिलीनें कांहींतरी लिहिलें, आणि नातवाचें बोट धरून सरकत्या जिन्यापाशीं जाऊन उभे राहिले. तीन वेळां ते दोघे वर गेले व तीन वेळां साध्या जिन्यानें पायरी-पायरीनें खालीं आले. तोंपर्यंत ठरलेली लोकल निघून गेली होती. आजीबाई सामानावर बसून होत्या. दुसरी गाडी येईपर्यंत त्यांनीं आम्हांस आपल्या लहानपणच्या रंकाळ्याची हकीकत सांगितली.