मेणाचा सांचा आणि नवें हाड

नाशिक हें नांव उच्चारतांच पंचवटींतील ती कथा आपणांस आठवते. लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका येथें छेदिली, म्हणून गांवास नाशिक नांव पडलें, असें लोक सांगतात. नऊ शिखरांवर वसलें म्हणून नाशिक, असाही दुसरा पक्ष आहे. व्युत्पत्तीचा हा वाद आज मला सोडवावयाचा नाहीं. परंतु गोदाकांठीं उभें राहिलें असतां एक प्रश्न मनांत येतो. शरीराचा गेलेला भाग पुनः घडवितां येतो काय? या प्रश्नाचें एक उत्तर आपल्याच मुलखांत, पुण्याजवळ, दिलें गेलें आहे.

सुश्रुतसंहितेंत गालाची कातडी वळवून नाक घडविण्याची रीत वर्णिली आहे. ही विद्या केवळ पोथींत उरली नव्हती, याचा पुरावा अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळतो. कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकीत असे. 1792 च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आले. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा हिंडला. पुढें पुण्याजवळच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं अशी क्रिया डोळ्यांनीं पाहिली होती. तिचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकांत छापला गेला.

प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याला सुबक नाकाचा आकार देत. मग तो सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेनें रेघ ओढीत. येथें मेणाचें काम संपे. रेघेच्या आंतील कातडी सोडवीत. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक अरुंद पट्टी अखंड राखीत. खुंटावरचा जुना व्रण खरवडून, कातडी अर्धी पिळून खालीं आणीत व तेथें बसवीत. पाण्यांत मऊ केलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर फांसून, अशा पांचसहा पट्ट्या सांध्यावर चिकटवीत. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवीत. सुमारें 25 व्या दिवशीं डोळ्यांमधली ती पट्टी कापीत.

त्या अरुंद पट्टींतच सारें मर्म आहे. तिच्यांतून नव्या नाकाला रक्त मिळत राहतें. सांचा आकार देतो, कात धरून ठेवतो. पण जोडण्याचें काम जिवंत मांस स्वतः करतें, आणि रक्ताचा ओघ तुटला तर तें मरतें. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनीं 1814 सालीं या रीतीनें शस्त्रक्रिया केली व 1816 सालीं तीवर ग्रंथ लिहिला. तेथून ही विद्या युरोपांत पसरली.

कातडीचें झालें, हाडाचें काय? मोडलेलें हाड बहुधा आपलें आपण सांधतें. मोडल्या जागीं रक्त सांखळतें, त्या मऊ गाठींत पेशी शिरतात, आणि हळूहळू तेथें हाड बनतें. परंतु अपघातानें किंवा रोगानें मोठा तुकडाच नाहींसा झाला, तर ही गाठ ती पोकळी भरूं शकत नाहीं. ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूएन यांनीं एका मुलाच्या दंडाचें नष्ट झालेलें हाड इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे बसवून पुनः उभें केलें. 1881 सालीं त्यांनीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. 1892 सालीं जर्मनीच्या ड्रेसमान यांनीं हाडांतील पोकळ्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरून पाहिलें. रुग्णाच्याच कमरेचें हाड काढून वापरण्याची रीत अद्याप उत्तम मानतात. पण एक जखम भरण्यासाठीं दुसरी करावी लागते.

म्हणून शास्त्रज्ञ हायड्रोजेलाकडे वळले. सब्जाचें बीं भिजत घातलें म्हणजे त्याभोवतीं जो पारदर्शक बुळबुळीत थर चढतो, तो आठवा; पाणी धरून ठेवणारें तें एक जाळेंच होय. 1960 सालीं विख्तर्ले व लिम या चेकोस्लोव्हाकियाच्या दोघां रसायनज्ञांनीं असे पदार्थ शरीरांत वापरतां येतील, असें दाखविलें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी यांनीं जेलांचा दीर्घ अभ्यास केला. कापल्यावर पुनः सांधणारीं जेलेंही त्यांत होतीं, जरी तें काम हाडासाठीं नव्हतें.

हाडासाठींचें जेल सुईंतून जाण्याइतकें पातळ असतें आणि पोकळींत शिरल्यावर शरीराच्या उष्णतेनें किंवा क्षारांच्या योगानें घट्ट होतें. कोळंबीच्या कवचापासून मिळणारें कायटोसान, समुद्रशैवालांतील अल्जिनेट, जिलेटिन हीं त्याचीं द्रव्यें. कोपऱ्याकोपऱ्यांची वांकडी पोकळीही तें भरतें व मोठी चीर टळते. मात्र जेल मऊ असल्यानें भार पेलत नाहीं. म्हणून त्यांत हाडांतल्यासारखे कॅल्शियम फॉस्फेटचे कण मिसळतात. 1965 सालीं मार्शल युरिस्ट यांनीं दाखवून दिलें कीं क्षार काढलेलें हाड स्नायूंत ठेवलें तरी तेथें नवें हाड उगवतें. पेशींना हाड बनविण्याचा हुकूम देणारीं तीं प्रथिनेंही जेलांत घालून पाहतात. पण मोठ्या पोकळीच्या मध्यापर्यंत रक्तवाहिन्या वेळेवर पोंचत नाहींत. प्रयोगशाळेंत यश पुष्कळ असूनही रुग्णापर्यंत थोडेंच येतें, याचें हें एक मोठें कारण. कारागिराची ती अरुंद पट्टी आज अशी निराळ्या रूपानें पुढें उभी राहते.

श्रोतेहो, यावरून हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें, असें मी म्हणणार नाहीं. तें खोटें होईल. त्यांस जेल ठाऊक नव्हतें, पेशी ठाऊक नव्हत्या. ठाऊक होतें तें इतकेंच, कीं आकार द्यावा, रक्त राखावें आणि मग जिवंत शरीरास काम करूं द्यावें. एवढें ज्ञान लहान नाहीं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या वृत्तांतांत कावसजीचें नांव आहे, पाहणाऱ्या डॉक्टरांचीं नांवें आहेत. ज्यानें नाक घडविलें, त्याची ओळख केवळ 'विटा पाडणाऱ्या जातीचा माणूस' एवढीच. त्यानें स्वतः लिहून ठेविलेला एक कागदही आपल्या हातीं नाहीं. ज्या नाशकांत 1998 सालीं आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें, तेथील विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. हातांतलें ज्ञान कागदावर उतरलें नाहीं, तर तें दुसऱ्याच्या नांवानें परत येतें.