कुंभकोणमचा हिवाळी पाऊस आणि अंदाजांची भाषा

हिमालयाच्या उतारांवर डिसेंबर उजाडला की पहिल्या बर्फाची वाट पाहिली जाते. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे बर्फ पडत नाही. तेथे हिवाळ्याच्या तोंडावर वाट पाहिली जाते ती पावसाची. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडणाऱ्या ईशान्य मोसमी पावसावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचे मुख्य पीक उभे राहते, आणि हाच पाऊस अवेळी किंवा अतोनात झाला तर तेच पीक पाण्याखाली जाते. त्यामुळे चेन्नई येथील प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज या भागात जिवाचा कान करून ऐकला जातो. मात्र अंदाजातील शब्द आणि त्यामागचा नेमका अर्थ यांत बरेचदा अंतर पडते, आणि त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

कावेरीकाठचे वेळापत्रक

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्याच्या उत्तर भागात, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले शहर आहे. मराठी वाचकाला ते परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला राज्य स्थापन केल्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षे हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथीलच एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला.

या प्रदेशात भाताचे तीन हंगाम मानले जातात. जूनमध्ये सुरू होणारा अल्प मुदतीचा कुरुवै, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत चालणारा मुख्य हंगाम सांबा, आणि कुरुवैनंतर त्याच शेतात घेतला जाणारा तालडी. पाणी येते ते १९३४ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून. धरणाची पूर्ण पातळी १२० फूट असून परंपरेने १२ जून रोजी दरवाजे उघडले जातात आणि २८ जानेवारीला बंद केले जातात. धरणात पाणी पुरेसे नसेल तर १२ जूनची तारीख पुढे ढकलली जाते, आणि मग सांबा पिकाचा सारा भार ईशान्य मोसमी पावसावर येतो.

महाराष्ट्रात ऑक्टोबरचा पाऊस म्हणजे काढणीला आलेल्या सोयाबीनची नासाडी. तामिळ पंचांगातील ऐप्पशी महिना त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो, आणि त्या महिन्यात झड लागणे तेथे शुभलक्षण समजले जाते.

वारा फिरतो तेव्हा

नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी फिरल्यानंतर बंगालच्या उपसागरावरून ईशान्येकडून वारे वाहू लागतात आणि समुद्रावरचे बाष्प तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आणतात. या पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख २० ऑक्टोबर मानली जाते. तीन महिन्यांत राज्यात सरासरी ४४ सेंटिमीटर, म्हणजे वर्षभराच्या पावसाच्या जवळजवळ निम्मा पाऊस पडतो. किनारपट्टीच्या जिल्ह्यांत हे प्रमाण आणखी जास्त असते.

हा पाऊस नैर्ऋत्य मोसमी पावसासारखा महिनोन्‌महिने संथपणे पडत नाही. तो कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर आणि चक्रीवादळांबरोबर टप्प्याटप्प्याने येतो. संपूर्ण हंगामाचे पाणी चार-पाच आवर्तनांत पडून जाऊ शकते. यांपैकी एखादे आवर्तन शंभर किलोमीटर उत्तरेला सरकले तर बाष्प तिकडे ओढले जाते आणि कुंभकोणमला ढगाळ आकाशाखेरीज काही मिळत नाही. अंदाजातील अनिश्चिततेचे मूळ येथे आहे.

भारतीय हवामान विभाग दर वर्षी हंगामाच्या तोंडावर दक्षिण भारतातील पाच हवामान उपविभागांसाठी एकत्रित दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो. दीर्घकालीन सरासरीच्या ८८ ते ११२ टक्के पाऊस म्हणजे 'सर्वसाधारण' असे त्यात गृहीत धरले जाते. हा पट्टाच पुरेसा रुंद आहे. शिवाय तो तामिळनाडूबरोबर केरळ, आंध्रचा किनारा, रायलसीमा आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक यांना मिळून लागू होतो. एका तालुक्याच्या नशिबाबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्रशांत महासागरातील स्थितीवरून हंगामाचा कल ओळखण्याचा प्रयत्न केला जातो. एल निनो असेल तर ईशान्य मोसमी पाऊस अधिक आणि ला निना असेल तर कमी, असा साधारण संबंध अभ्यासकांना आढळला आहे. २०१५ मध्ये प्रबळ एल निनो होता आणि तामिळनाडूत सरासरीच्या दीडपट पाऊस झाला. २०१६ मध्ये क्षीण ला निना होता. पाऊस सरासरीपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने सर्व जिल्हे दुष्काळग्रस्त घोषित केले. येथवर नियम बिनचूक वाटतो. परंतु २०२१ मध्येही ला निनाच होता, आणि त्या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ५९ टक्क्यांनी अधिक झाला.

एका 'शक्यते'चे अनेक अर्थ

दैनंदिन अंदाजाची भाषा हवामान विभागाने ठरवून दिलेली आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के. आणि 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक. 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' असा इशारा असलेल्या दिवशी चार गावांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी तो इशारा खरा ठरलेला असतो.

पावसाच्या जोरालाही मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'मुसळधार', ११५.६ पासून 'अतिमुसळधार' आणि २०४.५ मिलिमीटरपासून 'अत्यंत मुसळधार' अशी वर्गवारी केली जाते. हे चोवीस तास सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतात. 'आजचा' पाऊस म्हणून प्रसिद्ध होणारा आकडा बहुतांशी कालचा असतो.

सर्वाधिक गोंधळ होतो तो संभाव्यतेच्या शब्दांचा. विभागाच्या इंग्रजी पत्रकातील तीन चढत्या पायऱ्यांपैकी सर्वांत खालच्या पायरीचा अर्थ २५ ते ५० टक्के, मधलीचा ५० ते ७५ टक्के आणि वरचीचा ७५ टक्क्यांहून अधिक असा आहे. पहिल्या पायरीवर पाऊस न पडण्याचीच संभाव्यता जास्त असते. मराठी बातमीत मात्र या तिन्हींसाठी 'शक्यता' हा एकच शब्द सर्रास वापरला जातो, आणि तीस टक्के व ऐंशी टक्के यांतील फरक भाषांतरात पुसला जातो. 'थोडी शक्यता', 'बरीच शक्यता' आणि 'जवळजवळ निश्चित' असे तीन वेगळे शब्दप्रयोग रूढ करणे अवघड नाही. निदान टक्केवारी तरी सोबत द्यावयास हवी.

रंगांच्या इशाऱ्यांचेही असेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. इशारा जिल्ह्यासाठी असतो. तंजावर जिल्हा उत्तरेस कोळ्ळिडम नदीपासून दक्षिणेस अदिरामपट्टिणमच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरलेला आहे. किनाऱ्यामुळे लागलेला नारिंगी रंग कुंभकोणमच्याही माथी येतो.

वादळाच्या वाटेची रेघ

नोव्हेंबर २०१८ मधील 'गज' चक्रीवादळ हा या भागातील सर्वांच्या स्मरणातला प्रसंग आहे. आरंभीच्या अंदाजांत ते उत्तर तामिळनाडू आणि दक्षिण आंध्रच्या किनाऱ्याकडे जाईल असे म्हटले होते. समुद्रावरच त्याने वळसा घेतला, दिशा दक्षिणेकडे झुकली, आणि १६ नोव्हेंबरच्या पहाटेपूर्वी ते नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यांनी तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी परिसरातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. भाताचे पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. नारळाची नवी बाग धरायला अनेक वर्षे जातात.

पुढील धडा २०२० चा. नोव्हेंबरच्या अखेरीस 'निवार' हे अतितीव्र चक्रीवादळ कारैकाल आणि मामल्लपुरम यांच्या दरम्यान धडकेल असा अंदाज होता. 'गज'ची आठवण ताजी असल्याने त्रिभुज प्रदेशात धास्ती पसरली. वादळ अंदाजाच्या पट्ट्यातच, पण उत्तरेकडे पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. आठवडाभरात आलेले 'बुरेवी' त्यामानाने दुबळे होते आणि ते पांबनवरून केरळकडे निघून जाईल असे दिसत होते. ते मन्नारच्या आखातात रामनाथपुरमनजीक अडून बसले, तेथेच क्षीण होत गेले आणि त्रिभुज प्रदेशावर पाऊस ओतत राहिले. सांबाची हजारो एकर शेते पाण्याखाली गेली. वाऱ्याच्या वेगावरून दिलेले वादळाचे नाव त्याच्या पावसाबद्दल फारसे काही सांगत नाही.

हवामान विभाग २००९ पासून वादळाच्या संभाव्य मार्गाभोवती अनिश्चिततेचा शंकू दाखवतो. पुढे जावे तसा तो रुंदावत जातो. दूरचित्रवाणीवर मात्र मधली रेघ ठळक होते आणि शंकू पुसट. अलीकडच्या वर्षांत चोवीस तास आधी दिलेल्या स्थानात सरासरी ७० ते ८० किलोमीटरची चूक राहते, आणि तीन दिवस आधी दिलेल्या स्थानात ती सुमारे दुप्पट होते. कुंभकोणमपासून पूंपुहारचा समुद्र सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. याचा अर्थ एक दिवस आधीची रेघही वादळ कुंभकोणमच्या उत्तरेने जाणार की दक्षिणेने, हे खात्रीने सांगू शकत नाही.

२०२४ मधील 'फेंगल'ने तर अंदाजकर्त्यांचीच परीक्षा पाहिली. त्याचे २७ नोव्हेंबरला चक्रीवादळात रूपांतर होणार असे सांगितले गेले. तसे झाले नाही. ते कमकुवत अवस्थेतच किनारा ओलांडेल असे जाहीर झाल्यानंतर २९ नोव्हेंबरला ते चक्रीवादळ बनले, ३० तारखेच्या रात्री पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि तेथेच थबकले. विळुप्पुरम जिल्ह्यातील मैलम येथे ५१ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. अंदाज रोज बदलत होता म्हणून त्यावर टीका झाली. वस्तुतः बदलती माहिती रोज सांगणे हेच प्रामाणिकपणाचे होते. चूक झाली असेल तर ती प्रत्येक दिवसाचा अंदाज अखेरचा शब्द मानणाऱ्यांची.

वादळ नसतानाही पाऊस थक्क करू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मयिलाडुतुरै जिल्ह्यातील सीर्काळी येथे एका दिवसात ४४ सेंटिमीटर पाऊस झाला. राज्याच्या संपूर्ण हंगामाची सरासरी एवढीच आहे.

बांधावरचा निर्णय

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर आडुतुरै येथे १९२२ मध्ये सुरू झालेली भात संशोधन संस्था आहे. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने दर मंगळवारी व शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ला प्रसृत केला जातो. कारैकाल येथील डॉप्लर रडारची चित्रे आता मोबाइलवर दिसतात, आणि प्रदीप जॉन यांच्यासारख्या स्वतंत्र अभ्यासकांचे विश्लेषण लाखो लोक वाचतात. माहितीची टंचाई राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो किती टक्क्यांवर काय करावे हा.

त्याचे उत्तर कामागणिक बदलते. युरियाचा हप्ता द्यायचा असेल आणि मुसळधार पावसाची संभाव्यता तीस टक्के असेल, तरी थांबणे शहाणपणाचे असते. दोन दिवस उशीर झाल्याने फारसे बिघडत नाही, पण खत वाहून गेले तर पैसा गेला. चर साफ करून पाण्याला वाट देणे स्वस्त काम आहे, ते पिवळ्या इशाऱ्यावरही करावे. कापणीचे तसे नाही. पीक पुरते पिकण्याआधी यंत्र लावले तर दाणा हिरवा राहतो आणि भाडे तर द्यावेच लागते. थांबले आणि पाऊस आला तर पीक लोळते व लोंबीतच दाण्याला मोड येतात. येथे पन्नास टक्क्यांची संभाव्यताही निर्णयाला पुरेशी ठरत नाही, आणि शेतकरी पुढच्या दिवसाच्या अंदाजाची वाट पाहतो. पीक विम्याचा निर्णय मात्र अंदाजावर सोपवता येत नाही. सांबासाठी नोंदणीची मुदत साधारणतः १५ नोव्हेंबरला संपते, तोवर हंगामातील मोठी वादळे बहुधा जन्मालाही आलेली नसतात.

पोंगलच्या सुमारास पाऊस थांबलेला असतो, असे गृहीत धरून सांबाची कापणी ठरते. जानेवारी २०२१ मध्ये ते गृहीतक कोसळले. ईशान्य मोसमी पाऊस त्या वर्षी १९ जानेवारीला संपल्याचे जाहीर झाले, आणि तोवर ऐन कापणीला आलेली भातशेते भिजून गेली होती. सरकारी खरेदी केंद्रांवर धान्यातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. पावसाने झोडपलेल्या वर्षांत ती शिथिल करावी अशी मागणी राज्याकडून केंद्राकडे जाते, केंद्राचे पथक येऊन नमुने घेते, आणि निर्णय होईपर्यंत भाताच्या राशी ताडपत्रीखाली रस्त्याच्या कडेला पडून राहतात.