पिंपरी-चिंचवडमधील कॅथॉलिक प्राथमिक शिक्षण

पिंपरी-चिंचवड, देहू रोड व चाकण या पुणे जिल्ह्यातील औद्योगिक पट्ट्यात कॅथॉलिक धर्मप्रांत आणि धर्मसंघ यांनी चालवलेल्या शाळांतील पहिल्या काही इयत्तांच्या शिक्षणास स्थूलमानाने पिंपरी-चिंचवडमधील कॅथॉलिक प्राथमिक शिक्षण असे म्हणता येईल. या शाळांचा अभ्यासक्रम इतर मान्यताप्राप्त शाळांसारखाच असतो. समाजसेवा, कृतज्ञतेचा संस्कार आणि शेजाऱ्यांच्या संस्कृतीची ओळख यांना शालेय वर्षात दिलेले स्थान हे त्यांचे वेगळेपण मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. त्यामुळे संस्था कॅथॉलिक आणि वर्गातील बहुतेक मुले अन्य धर्मांची, अशी या शाळांची नेहमीची स्थिती असते. येथील सेवा आणि संस्कार या संकल्पनांचा विचार ही स्थिती ध्यानात घेऊनच करावा लागतो.

पार्श्वभूमी

पुणे परिसराचे कॅथॉलिक प्रशासन १८५४ मध्ये मुंबईपासून वेगळे झाले आणि १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली. या धर्मप्रांतातील जुन्या शाळा लष्कर भागात, छावणीच्या आश्रयाने उभ्या राहिल्या. येशूसंघाने १८६७ मध्ये सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट्स ही त्यांपैकी एक होय. पिंपरी-चिंचवडचा इतिहास मात्र छावणीचा नाही, कारखान्यांचा आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर वाहन व अभियांत्रिकी उद्योगांची येथे रीघ लागली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांवर पोहोचली होती.

कामाच्या शोधात आलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती आणि त्यांच्यात एकसारखेपणा नव्हता. केरळमधून आलेले सीरो-मलबार व सीरो-मलंकार परंपरांचे कॅथॉलिक, गोवा व मंगळूरचे कोकणीभाषक, तमिळभाषक आणि अहमदनगर जिल्ह्यातील मराठीभाषक असे अनेक प्रवाह येथे एकत्र आले. सीरो-मलबार परंपरेसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे, तर सीरो-मलंकार परंपरेसाठी २०१५ मध्ये खडकी येथे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले. हा परिसर त्या दोन्हींच्या कक्षेत येतो. परिणामी एकाच गल्लीतील दोन कॅथॉलिक मुले वेगवेगळ्या भाषेत आणि वेगवेगळ्या विधीनुसार उपासना करतात, हे चित्र येथे नवलाचे नाही.

अहमदनगर जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांचा शाळेशी असलेला संबंध सर्वांत जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील खेड्यांत मिशनांनी एकशिक्षकी शाळा काढल्या. ज्यांना गावच्या शाळेत ओसरीवरही बसू दिले जात नसे, अशा जातींतील मुले त्या शाळांत अक्षरे शिकली. तेथील ‘मास्तर’ हा बहुधा शिक्षक आणि धर्मशिक्षक अशा दोन्ही भूमिका बजावत असे. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत अहमदनगर जिल्हा पुणे धर्मप्रांतातच होता.

वैचारिक व कायदेशीर आधार

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसृत केले. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी होता आणि दुसरा ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या संबंधांविषयी. दुसऱ्या दस्तऐवजाने अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही अशी भूमिका घेतली. मिश्र वर्ग असलेल्या भारतीय शाळांना या दोन्ही दस्तऐवजांचा एकत्रित अर्थ लावावा लागला.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८(३) नुसार राज्याची मान्यता वा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत ही संमती पालकांची लागते. यातून अशा शाळांत एक दुहेरी वेळापत्रक रूढ झाले. कॅथॉलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास आणि त्याच वेळी इतरांसाठी मूल्यशिक्षणाचा तास अशी ही रचना असते. दोन्ही गट पुन्हा एकत्र येतात ते परिपाठाला आणि सेवाकार्याला.

समाजसेवा

शाळेतील सेवाकार्य ही केवळ ख्रिस्ती कल्पना नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नयी तालीमने हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव व समाजसेवा यांची शिफारस केली, आणि ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संज्ञा रूढ केली. कॅथॉलिक शाळांनी या सरकारी चौकटीला चर्चच्या दिनदर्शिकेची जोड दिली.

ही दिनदर्शिका दोन काळांत विशेष जाणवते. नाताळापूर्वीच्या आगमनकाळात धान्य, कपडे व खेळणी गोळा केली जातात, तर राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या उपवासकाळात खाऊचे पैसे वाचवून पेटीत टाकले जातात. कारितास इंडिया ही १९६२ मध्ये स्थापन झालेली कॅथॉलिक संस्था उपवासकाळात देशभर अशी मोहीम चालवते. धर्मग्रामाच्या पातळीवर सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम चालते. तिची स्थापना १८३३ मध्ये पॅरिसमधील काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी केली होती आणि गरजू कुटुंबाला त्याच्या घरी जाऊन भेटणे ही तिची मूळ पद्धत आहे.

पेटीत पैसे टाकणे आणि घरी जाऊन भेटणे यांतील अंतर शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाने दिलेले पैसे बहुधा पालकांचे असतात. त्याचे स्वतःचे असे फार तर हात आणि वेळ असतो. म्हणून प्राथमिक वर्गांत वर्ग झाडणे, रोपांना पाणी घालणे, शिपाई व सफाई कामगारांना नावानिशी ओळखणे, वृद्धाश्रमातील आजी-आजोबांना गाणी म्हणून दाखवणे अशा कामांना निधी गोळा करण्यापेक्षा अधिक अर्थ आहे. शहरातून वाहणाऱ्या पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांचे प्रदूषण हाही शालेय प्रकल्पांचा विषय आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ मधील पर्यावरणविषयक परिपत्रकानंतर या विषयाला कॅथॉलिक संस्थांत धार्मिक आधारही मिळाला.

कृतज्ञता

कॅथॉलिक उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या विधीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थच ‘आभार’ असा आहे. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा येते. बरे झालेल्या दहांपैकी एकच आभार मानायला परततो आणि तो परका, शोमरोनी असतो. मिश्र धर्माच्या वर्गात या कथेतील दुसरी बाब पहिलीइतकीच महत्त्वाची ठरते.

शिक्षक दिन, ५ सप्टेंबर, हा मदर तेरेसा यांचा स्मृतिदिनही आहे. १९९७ मध्ये त्या दिवशी त्यांचे निधन झाले आणि २०१६ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यामुळे कॅथॉलिक शाळांत शिक्षकांविषयीची कृतज्ञता व सेवेचे स्मरण आपोआप एका दिवशी येतात. मराठी परिसरात कृतज्ञतेची स्वतःची परंपरा आहेच. बैलपोळ्याला शेतकरी बैलांकडून काम करून घेत नाही. खंडेनवमीला कारखान्यांतील यंत्रे थांबवून त्यांना झेंडूची माळ घातली जाते. आई किंवा वडील कारखान्यात काम करतात अशा मुलाला ही दुसरी प्रथा पुस्तकाबाहेरून ठाऊक असते.

सांस्कृतिक शिक्षण

या भागात सांस्कृतिक शिक्षणासाठी दूर जावे लागत नाही. चिंचवडमध्ये मोरया गोसावींची समाधी आणि चापेकर बंधूंचा वाडा आहे. देहू व आळंदी शहराच्या वेशीवर आहेत. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघणाऱ्या संत तुकारामांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. जूनच्या मध्यास शाळा उघडतात त्याच सुमारास बहुधा पालखी येते, आणि टाळ-मृदंगाचा आवाज वर्गात ऐकू येतो. आषाढी एकादशीच्या निमित्ताने दिंडी काढणे ही महाराष्ट्रातील शाळांची सर्वपरिचित प्रथा आहे. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेत ती निघते तेव्हा अभंग, पोशाख आणि पालखी यांचा अर्थ कोण व कसा सांगतो, यावर ती ओळख ठरते की केवळ वेषभूषा स्पर्धा, हे अवलंबून राहते.

ख्रिस्ती धर्म आणि वारकरी परंपरा यांच्या भेटीचा इतिहास मोठा आहे. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. प्रोटेस्टंट पंथाचे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग रचले. फ्रेंच येशूसंघीय गी डलरी यांचा विठोबा-संप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्या निवडीला काही गटांनी धर्माच्या कारणावरून विरोध केला होता, हेही नोंदवले पाहिजे.

देहू रोड येथे आणखी एक परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, आणि त्या दिवशी दरवर्षी मोठ्या संख्येने अनुयायी तेथे येतात. म्हणजे शहराच्या एका टोकाला नाताळ साजरा होत असतो त्याच दिवशी दुसरीकडे धम्मवंदना चालू असते. नगरकडील अनेक ख्रिस्ती घराण्यांची आणि बौद्ध घराण्यांची मुळे एकाच वस्तीत असल्याने हा योगायोग दिनदर्शिकेपुरता राहत नाही. शालेय पाठ्यक्रमात याचा उल्लेख येत नाही. तो यायला हरकत नसावी.

भाषा

शहरातील बहुतांश कॅथॉलिक शाळांचे माध्यम इंग्रजी आहे. व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत होऊ लागल्याने नगरकडील कुटुंबातील मूल रविवारी मराठीत प्रार्थना करते आणि सोमवारी शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत म्हणते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये केलेल्या कायद्याने सर्व माध्यमांच्या व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आहे. वसईत मात्र कॅथॉलिक संस्थांच्या मराठी माध्यमाच्या शाळांची परंपरा जुनी आहे.

प्रवेशाचा प्रश्न

सेवाकार्याची सर्वांत अवघड बाजू शाळेच्या दारातच आहे. ज्या वस्तीसाठी मुले धान्य गोळा करतात, त्या वस्तीतील मूल शेजारच्या बाकावर बसते का, हा तो प्रश्न होय. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के प्रवेशाची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी या शाळा अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्यामुळे अशा शाळांत गरीब मुलाला मिळणारी फीसवलत कायद्याने आलेली नसून व्यवस्थापनाच्या धोरणावर अवलंबून असते.

ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना याची झळ दुहेरी बसते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, आणि १९५६ व १९९० मधील दुरुस्त्यांनंतर अनुक्रमे शीख व बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती व मुस्लिम धर्मीयांना तो मिळत नाही. अनुसूचित जातींसाठीच्या शिष्यवृत्त्या त्यांना बंद असल्याने धर्मग्रामाची वा शाळेची मदत हाच अनेकदा त्यांचा आधार असतो.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधीच्या एका निकालात २०१४ च्या निर्णयाबाबत शंका व्यक्त केली, आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.