गिटारचा माथा आणि मालकी हक्क

घरी हौसेने गिटार घडविणाऱ्यास सर्वांत मोकळा हात कोठे मिळत असेल, तर तो तिच्या माथ्यावर. पोटाची फळी जाड राहिली तर नाद बसतो. पडद्यांचे अंतर केसभर ढळले तर सूर बिघडतो. माथ्याचे तसे नाही. सहा खुंट्या मावाव्यात, त्या पिळताना बोटांस अडचण होऊ नये आणि तारा शक्यतो सरळ जाव्यात, एवढे पथ्य पाळले की कानशीने हवे ते वळण द्यावे. आणि तरीही न्यायालयात भांडण गेले ते नेमके या माथ्यावरून! धंद्याने वकील असल्यामुळे मला या गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे.

मालकीचा वाद मात्र माथ्याहून जुना आहे. सॅक्सनीतील मार्कनोइकिर्शेन या गावी व्हायोलिन करणाऱ्यांचा कारागीर-संघ १६७७ पासूनचा. १८२६ मध्ये आणि पुन्हा १८३२ मध्ये या संघाने तक्रार केली की, कपाटे-पेट्या करणाऱ्या सुतारांनी गिटार करू नये. सुतारांचे उत्तर मार्मिक होते: हे वाद्य आपल्याकडे अलीकडेच आले, व्हायोलिनवाल्यांचा त्यावर वहिवाटीचा हक्क कोठून आला? माझ्या मते यापेक्षा नेमका युक्तिवाद एखाद्या मुरलेल्या वकिलासही सुचला नसता. निकाल सुतारांच्या बाजूने लागला. परंतु त्यांच्यातीलच ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये गाव सोडून न्यूयॉर्कला गेला. व्हिएन्नातील योहान गेओर्ग श्टाउफर याच्या हाताखाली त्याने काम केलेले होते. श्टाउफरच्या गिटारचा माथा एका बाजूस झुकलेला, टोकाशी वळसा घेतलेला, आणि सहाही खुंट्या एकाच कडेला. मार्टिनच्या अमेरिकेतील आरंभीच्या गिटारांवर तोच माथा दिसतो. आपल्या गुरूचे वळण उचलले म्हणून त्यास कोणी जाब विचारला नाही.

पुढे एका शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९४८ मध्ये, कॅलिफोर्नियातील पॉल बिग्स्बी याने मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव लाकडाची गिटार केली. खुंट्या पुन्हा एका कडेला. लिओ फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली, तिचा माथा याच कुळातला. ट्रॅव्हिसच्या पक्षाचे लोक तो बिग्स्बीचा म्हणत. फेंडर म्हणे, मी तो क्रोएशियन वाद्यांवर पाहिला. माझ्या दृष्टीने उभयतांची वंशावळ व्हिएन्नास जाऊन भिडते. फेंडरचा माथा दांडीच्याच सपाट फळीतून कापलेला असे. त्यामुळे लाकूड वाया जात नसे. पण तारा खाली दाबून धरण्यास लहानशी पकड लावावी लागे. गिब्सन कंपनीचा माथा मागे कललेला. त्याने तारांचा दाब आपोआप मिळतो. पण कलत्या जागी लाकडाचे तंतू आखूड पडतात, आणि गिटार हातून पडली की तेथेच मोडते.

गिब्सनच्या माथ्याच्या वरच्या कडेस, उघडे पुस्तक धरल्यासारखी, मधोमध एक खाच असते. १९७७ मध्ये गिब्सनची तत्कालीन मालक नॉर्लिन कंपनी हिने जपानी इबानेझ गिटारींचा अमेरिकेतील विक्रेता एल्जर याच्यावर फिलाडेल्फियात दावा लावला, तो या आकारावरून. धड, तारा, आवाज यांविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती माथ्याच्या रेषेची. गंमत अशी की, दावा दाखल होण्यापूर्वीच इबानेझने आपला माथा बदलून टाकला होता. १९७८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. निकाल झालाच नाही. तरीही त्या काळातील जपानी गिटारींना संग्राहक आजही ‘दाव्याच्या गिटारी’ म्हणतात, आणि ज्यांच्या माथ्यावरून कधी दावाच झाला नव्हता अशांनाही तेच नाव देऊन चढ्या भावाने विकतात.