प्लेबियनांचे रोम आणि आपण

प्राचीन रोमचा इतिहास वाचण्याचा मला छंद आहे, हे कळले की कार्यकर्ते मित्र एक प्रश्न हमखास विचारतात. गायरानाचा सातबारा नावावर होत नाही, मसणवाट्याची जागा मिळत नाही, ऊसतोडीपायी पोरांची शाळा सुटते. आणि तुम्ही परक्या मुलखाचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा इतिहास वाचीत बसता, तो कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर सरळ आहे: मला त्यात आनंद वाटतो. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर बंद होते, त्याच्या माणसाने केवळ आनंदासाठी वाचणे हीदेखील एक कमाई आहे. आमच्या वाचनाने फक्त आमच्या दुःखाभोवतीच फिरावे, असा दंडक कुणी घालू नये. बाबासाहेबांनी स्वतः तो मानला नाही. त्यांच्या ग्रंथांत ग्रीस येतो, रोम येतो, आयर्लंड येते, अमेरिकेतले निग्रो गुलाम येतात. जग वाचल्याशिवाय आपले गाव कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

शिवाय रोम आपल्याला वाटते तितके परके नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी वाटांचे टिपण आज उपलब्ध आहे. त्यात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नोंद आहे. तगर म्हणजे गोरोबाकाकांचे तेर. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथून जाडेभरडे कापड पुष्कळ आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत भरून बिकट रस्त्यांनी भडोचच्या बंदराला जात, असे तो लिहितो. नकाशावर पैठण ते तेर सरळ रेघ ओढली तर ती बीड शहराजवळून जाते. म्हणजे मधला मुलूख आपलाच. तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इ. स. ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. भारताच्या व्यापारापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात, अशी तक्रार रोमचा प्लिनी करतो. प्लिनीने नाणी मोजली, पेरिप्लसकाराने गाठोडी मोजली. ते कापड विणणारे हात कोणते होते, गाड्यांबरोबर पायी चालणारे कोण होते, याची नोंद दोघांनीही केली नाही. इतिहास वाचताना हे अगोदर ध्यानात ठेवावे लागते.

पण मला रोमकडे खेचते ते रोमच्या सम्राटांमुळे नव्हे. मला खेचते ती तिथल्या प्लेबियनांची कथा. रोमच्या प्रजासत्ताकात पॅट्रिशियन ही मूठभर कुळे होती. राज्यपद, न्याय, पौरोहित्य सारे त्यांच्याकडे. उरलेले ते प्लेबियन. ही कथा आपल्याला मुख्यतः लिव्हीकडून मिळते. तो घटनांनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी लिहीत होता. त्यातले जुने प्रसंग दंतकथेने रंगलेले आहेत आणि त्याचा ओढाही वरच्यांकडे आहे. तरीसुद्धा त्याच्या पानांतून खालच्यांचा आवाज फुटून बाहेर येतो. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ लिहिताना ब्राह्मणी ग्रंथांतूनच पुरावा काढला. विरोधकाच्या वहीतून आपला हिशोब काढण्याची ती रीत लिव्हीलाही लागू पडते.

इ. स. पू. ४९५ ची हकीकत पाहा. एक म्हातारा सैनिक फाटक्या कपड्यांनी रोमच्या भर चौकात येतो. छातीवर लढायांचे व्रण. तो सांगतो: मी लढाईवर होतो, तेव्हा शत्रूने माझे शेत जाळले, गुरे नेली. त्यात करभरणा आला. कर्ज काढले, व्याज वाढले, वाडवडिलांची जमीन गेली, आणि शेवटी सावकाराने मलाच कोंडवाड्यात नेले. मग तो पाठ दाखवतो. तिच्यावर फटक्यांचे ताजे वळ आहेत. छातीवरचे व्रण देशासाठी, पाठीवरचे सावकाराकडून! मराठवाड्यातल्या कुठल्याही वेठबिगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. रोममध्ये कर्जापोटी माणूस बांधून ठेवण्याची प्रथा इ. स. पू. ३२६ च्या सुमारास कायद्याने बंद झाली. आपल्याकडे वेठबिगार बंदीचा कायदा १९७६ साली झाला.

पुढच्याच वर्षी, इ. स. पू. ४९४ मध्ये, प्लेबियन सैनिक शहर सोडून पवित्र डोंगरावर जाऊन बसले. त्यांनी दंगल केली नाही, लूट केली नाही. फक्त निघून गेले. त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा गेला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. शरीराच्या अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केले, हातांनी घास उचलला नाही, तोंडाने घेतला नाही. तेव्हा सारेच शरीर खंगले. म्हणून पोटाला नावे ठेवू नयेत.

ही गोष्ट वाचताना पुरुषसूक्त आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही समाज म्हणजे एक देह. मुखातून ब्राह्मण, पायांतून शूद्र. वरच्यांना खालच्यांचे कष्ट हवे असतात, तेव्हा त्यांना समाज एकाएकी एकदेही दिसू लागतो. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्म्याच्या मुखातल्या या जन्माची यथेच्छ टर उडवली. पण दोन्ही देहांत एक फरक आहे. रोमची गोष्ट वाटाघाटीत सांगितलेली होती. ऐकणारे गोष्टीवर भुलून परतले नाहीत. आपले ट्रिब्यून, म्हणजे आपल्यातलेच निवडलेले आणि ज्यांच्या अंगाला हात लावणे हा अधर्म ठरेल असे रक्षक, पदरात पाडून घेऊन परतले. आपल्याकडची गोष्ट वेदवाक्य ठरली. तिच्याशी वाटाघाट करायला जागाच ठेवली नव्हती.

यानंतर दोनशे वर्षे प्लेबियन एकेक दार ठोठावीत गेले. त्यांचा क्रम मला विचार करण्यासारखा वाटतो. पहिले मोठे दार लग्नाचे. पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बारा फलकांच्या कायद्याने बंदी होती. इ. स. पू. ४४५ मध्ये कॅन्युलियस या ट्रिब्यूनने ती उठवण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य होईपर्यंत सैन्यभरती अडवून धरली. विरोधकांचा युक्तिवाद काय होता? रक्ताची भेसळ होईल, आणि मिश्र संततीमुळे देवांचे शकुन घेण्याचा अधिकार कुणाचा हे कळेनासे होईल. वर्णसंकराची हीच भीती गीतेत अर्जुनाच्या तोंडी आहे. जातीचा प्राण स्वजातिविवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातल्या निबंधात मांडले आणि वीस वर्षांनी ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाहाला खरा उपाय म्हटले. रोमच्या पॅट्रिशियनांना हे मर्म ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी त्या दाराला पहिली कडी घातली होती.

दुसरे दार सत्तेचे. इ. स. पू. ३६७ च्या कायद्याने कॉन्सल हे सर्वोच्च पद प्लेबियनांना खुले झाले. परंतु पुढे ३५५ ते ३४३ या काळात अनेक वर्षी दोन्ही कॉन्सल पॅट्रिशियनच होते. कायदा होता आणि अंमल नव्हता! मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि गावोगाव आमच्या वस्त्या पेटल्या. प्रत्यक्षात नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मंजूर झालेला हक्क आणि हाती आलेला हक्क यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हे या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

तिसरे दार धर्मसत्तेचे, आणि इथेच बाबासाहेबांनी बोट ठेवले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळापुढे होऊ न शकलेले आणि १९३६ साली छापलेले ते भाषण आपण सर्वांनी वाचले आहे. प्लेबियनांना कॉन्सल निवडता येई, पण त्यांच्या हिताला कणखरपणे जपणारा कॉन्सल कधी टिकत नसे. कारण डेल्फीच्या देवीची संमती लागे आणि तिचे पुजारी पॅट्रिशियन असत, असे ते सांगतात. मी या मुद्द्याचा माग काढीत गेलो. डेल्फी हे ग्रीसमधले अपोलोचे देवस्थान. रोममध्ये अधिकाऱ्याच्या निवडीवर देवाची मोहोर उठवण्याचे काम ऑगर नावाच्या शकुनपुरोहितांकडे असे. म्हणजे देवस्थानाचे नाव बदलते. युक्तिवाद मात्र ढळत नाही. त्याला लिव्हीत भक्कम पुरावे मिळतात.

इ. स. पू. ३२७ मध्ये मार्कस क्लॉडियस मार्सेलस हा प्लेबियन हुकूमशहा, म्हणजे तात्पुरता सर्वाधिकारी, म्हणून नेमला गेला. शकुनपुरोहितांनी नेमणुकीत दोष काढला. तेव्हा ट्रिब्यूनांनी विचारले: कॉन्सलने रात्रीच्या नीरव वेळी छावणीत नाव उच्चारले, तिथे काय बिघडले हे रोममध्ये बसलेल्या पुरोहितांना कसे समजले? माणूस प्लेबियन आहे हाच यांना दिसलेला दोष! पुढे इ. स. पू. २१५ मध्ये त्याच नावाचा दुसरा मार्सेलस कॉन्सल म्हणून निवडून आला. दोन्ही कॉन्सल प्लेबियन होण्याची ती पहिलीच वेळ. पदग्रहणाला आकाशात गडगडाट झाला, पुरोहितांनी निवड सदोष ठरवली, आणि देवांना दोन प्लेबियन रुचले नाहीत असे सिनेटर बोलू लागले. त्याने पद सोडले.

बाबासाहेबांचे वाक्य तपासून पाहणे म्हणजे त्यांचा अनादर, असे काही जणांना वाटते. मला उलटे वाटते. ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे बुद्धाने कालामांना सांगितले होते. जो पाठ करतो तो भक्त होतो. जो तपासतो तोच पुढचा पुरावा आणतो.

हे दारही प्लेबियनांनी इ. स. पू. ३०० च्या ओगुल्नियस कायद्याने उघडले. प्रमुख पुरोहितांच्या चार जागांच्या आठ झाल्या, शकुनपुरोहितांच्या चारच्या नऊ, आणि वाढीव जागा प्लेबियनांना मिळाल्या. त्या वादात डेसियस मूस म्हणाला की माझ्या बापाने सैन्यासाठी रणांगणावर स्वतःला देवांना अर्पण केले, तेव्हा देवांना तो प्लेबियन अपवित्र वाटला नाही. ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांची मागणी याच जातीची आहे: पौरोहित्य वंशपरंपरागत नको, परीक्षा आणि सनद हवी, ते कुणाही हिंदूला खुले हवे.

पण २१५ सालचा गडगडाट या कायद्यानंतरचा आहे! शकुनपुरोहितांत तेव्हा कायद्याने प्लेबियनांचे बहुमत होते, तरी निर्णय तोच झाला. वर चढलेली प्लेबियन घराणी तोवर पॅट्रिशियनांबरोबर एका नव्या उमरावशाहीत मिसळली होती. जागा मिळाल्या, माणसे बसली, आणि खुर्चीचा स्वभाव त्यांना लागला. राखीव जागांवरून निवडून जाणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे.

आणि तळाचा माणूस तळालाच राहिला. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सहा हजार गुलाम काप्युआ ते रोमच्या वाटेवर क्रूसांवर चढवले गेले. शेतीवर लिहिणारा व्हारो अवजारांचे तीन प्रकार सांगतो: मुकी अवजारे म्हणजे गाड्या, अर्धवट बोलणारी म्हणजे बैल, आणि बोलणारी म्हणजे गुलाम. आमच्या जिल्ह्यातून साखर कारखान्यांवर जाणारी नवरा-बायकोची जोडी आजही ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. उचल कोयत्यावर दिली जाते. हत्याराच्या नावाने माणूस मोजण्याची ही भाषा व्हारोला सहज कळली असती. तरी रोमच्या गुलामाला मुक्ती मिळे, मुक्त झालेला नागरिक होई. कवी होरेस मुक्त गुलामाचाच मुलगा होता. गुलामाचा स्पर्श विटाळत नसे. रोमची गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून बाबासाहेबांनी अस्पृश्यता अधिक वाईट ठरवली, ती या कारणांनी.

त्यांच्या त्या भाषणातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण अजून बाकी आहे. पुजाऱ्यांनी फसवले, हे खरे. पण देवीची संमती आवश्यकच आहे असे प्लेबियनही मानत होते, म्हणून ते फसले. साखळीचे एक टोक फसणाऱ्याच्या मनात होते. १९३६ साली लिहिलेली ही ओळ आणि नागपूरचा १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस यांचा सरळ संबंध आहे, असे माझे मत आहे. प्लेबियन डोंगरावर गेले ते अटी घालून त्याच देवांच्या शहरात परतले. आमचा समाज दीक्षाभूमीवर गेला आणि त्याने बावीस प्रतिज्ञा घेऊन संमती मागण्याचा रिवाजच मोडला. तो परतला नाही. रोमन इतिहासाने जिथे हात टेकले, तिथून बाबासाहेबांनी पाऊल उचलले.

म्हणून आजचा प्रश्न प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्यालाच आहे. निवडणुकीच्या अर्जाचा मुहूर्त पाहणारे, पोरीच्या लग्नात पोटजात विचारणारे आपल्या घरांत किती आहेत, हे ज्याने त्याने मोजावे. जोवर ते आहेत, तोवर शकुनपुरोहिताला बाहेरून यावे लागणार नाही.