दुकानातला पोऱ्या

मालवणच्या बाजारपेठेत किराणा दुकान म्हटलं की मालक, तराजू आणि पोऱ्या ही तिन्ही असायचीच. पोऱ्या दहा-बारा वर्षांचा. दुकान झाडायचं, रॉकेल-गूळ घरोघर पोचवायचं, शिवाय मालकाच्या घरचं पाणी भरायचं. "रे पोऱ्या, खंय गेललंस?" एवढीच त्याला हाक. मिसरूड फुटलं तरी तो पोऱ्याच.

बोटीच्या दिवशी तर विचारूच नका. मुंबईची आगबोट बाहेर समुद्रात नांगर टाकी. माल पडावातून किनाऱ्याला येई आणि पोऱ्याच्या डोक्यावरून दुकानात जाई. घरं चालत मुंबईच्या मनीऑर्डरवर, तोवर उधारी. पोस्टमन वळला की पोऱ्या वही घेऊन दारात हजर! घरातली बाई चिडे ती त्याच्यावर. आमच्या आयाही चिडल्या असतील, खोटं कशाला बोला?

पण हे पोऱ्याचं कामसुद्धा आमच्या वस्तीतल्या मुलांना नव्हतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी लहानपणी लाकडं फोडली, पोती पडवीपर्यंत वाहिली. आत पाऊल टाकायचं नाही, तराजूला हात लावायचा नाही. मजुरी वरून हातावर टाकली जाई. दुसऱ्यांचा पोरगा राबला म्हणून पिचला, आमचा राबूनही बाहेरच राहिला. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १५ व्या कलमाने दुकानाचं दार सर्वांना उघडलं. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याने दार अडवणाऱ्याला शिक्षा ठेवली.

वयाचं काय? आम्ही गिरणीतली माणसं, म्हणून हे शोधलं. गिरणीतल्या पोरांसाठी पहिला कायदा १८८१ चा, तोही सात वर्षांखालच्यांना मनाई करणारा! संविधानाचं २४ वं कलम चौदा वर्षांखालच्यांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामापासून दूर ठेवतं. त्यात दुकानाचं नाव नाही. मुंबई इलाख्याने दुकानांसाठी १९३९ आणि १९४८ साली कायदे केले, पण ते ठरवून दिलेल्या गावा-शहरांपुरते. वाडीवरचं दुकान बाहेरच. १९८६ च्या बालकामगार कायद्यात धंद्यांची यादी होती, साधं किराणा दुकान तिच्यात नव्हतं.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी आली. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत करण्याची सवलत मात्र ठेवली आहे. आणि "आमच्या घरचोच झील तो" असं सांगणारे मालक आम्ही पाहिलेले आहेत.